मॉनिटरवरचं नाणं

पटलं तर बघा, पण हे माझ्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. मध्यरात्र, स्मशान, रडणारी कुत्री, यातलं काहीही नव्हतं. रविवारची दुपार होती. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि मी नुकताच जेवून निघालो होतो.

मी टीव्ही दुरुस्त करतो. मागे पोट असलेले जुने टीव्ही आता फारसं कोणी आणत नाही, पण मला त्यांचाच नाद. त्यातही गेम पार्लरमधली जुनी मशीन, कपाटाएवढी उभी, नाणं टाकून खेळायची. तसं एक मशीन माझ्याकडे आहे. म्हणजे नुसता सांगाडा. मॉनिटरच्या जागी भोक. बायको त्यात छत्र्या ठेवते.

आणि माझ्या साडूंकडे...

अख्खा हॉल भरून मशीन. सगळी चालू.

साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हा नाद त्यांना मीच लावला. चालू पिक्चर ट्यूबच्या मागे एक हात घातला तर दुसरा खिशात ठेवायचा, नाहीतर करंट छातीतून जातो, हा धडाही माझाच. आता गुरूच्या घरी छत्र्या आणि चेल्याच्या घरी हॉल. त्यांच्याकडे जेवायला गेलो की पोरंटोरं त्यांच्याभोवती, आणि सासूबाई मला म्हणणार, यांच्याकडून काहीतरी शिका हो.

उगाच मोठेपणाचा आव आणत नाही. माझा जळफळाट व्हायचा. त्यांच्या घरचं जेवण मला कधी गोड लागलं नाही.

त्यामुळे माझ्या सांगाड्यात बसेल असा मॉनिटर विकायला निघालाय हे कळलं, तेव्हा मी वेळ घालवला नाही. साडूंनाही कळलं होतं. ते संध्याकाळी जाणार होते.

मी दुपारीच ते घर गाठलं.

दार एका वयस्कर काकूंनी उघडलं. त्यांच्या यजमानांचं पार्लर होतं. ते बंद पडल्यावर शेवटचं मशीन घरी आलं, मग यजमानही गेले. मशीनमधून काढलेला मॉनिटर आतल्या खोलीत स्टुलावर ठेवला होता. समोर भिंतीला लागून एक खाट. खाटेवर गुंडाळलेली गादी आणि त्यावर घडी घातलेली राखाडी शाल.

"सगळं तपासा," काकू म्हणाल्या. "फक्त दिवा बंद करायचा असेल तर आधी सांगा. मी बाहेर थांबते."

का ते मी विचारलं नाही. माझं लक्ष मॉनिटरकडे होतं.

काचेच्या खालच्या कडेला, चौकटीवर, एक नाणं ठेवलं होतं.

ज्यांचं बालपण पार्लरमध्ये गेलंय त्यांना हे सांगायला नको. दुसरा कोणी खेळत असला की आपलं नाणं काचेच्या कडेला ठेवायचं. म्हणजे नंबर लागला. पुढचा डाव आपला. त्या नाण्याला कोणी हात लावायचा नाही. दांडगट पोरंसुद्धा लावत नसत.

मी लावला.

मध्ये येत होतं म्हणून उचललं आणि खिशात टाकलं.

मग कामाला लागलो. आधी मॉनिटर बंद ठेवून काचेवर टॉर्च तिरका मारायचा. पार्लरमध्ये वर्षानुवर्षं एकच चित्र चालू राहिलं की त्याचा पुसट ठसा काचेला आतून कायमचा बसतो. इथे ठसा नव्हता. काच नव्यासारखी. मनातल्या मनात मी साडूंचा चेहरा बघितला आणि फार बरं वाटलं.

पिशवीतला टेस्टर जोडून मॉनिटर चालू केला. बारीक शिट्टीसारखा आवाज, मागे ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड. पांढऱ्या रेघांची जाळी पडद्यावर सरळ उमटली. एक रेघ वाकडी नाही. आता फक्त काळा रंग तपासायचा राहिला होता. त्याला अंधार लागतो.

काकूंना सांगितलं. त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी जाड पडदे लावले, दिवा बंद केला. डावा हात खिशात घातला. उजव्या हाताने मागची बटणं फिरवायला लागलो. खिशातलं नाणं बोटांना लागत होतं.

आणि तेवढ्यात...

टक्.

काचेच्या कडेवर काहीतरी ठेवल्याचा आवाज.

मी खिशात चाचपलं. हात खिशातच होता. तो मी बाहेर काढलाच नव्हता.

खिसा रिकामा होता.

मी मॉनिटर बंद केला. जाळी आकसत गेली, मधोमध एक ठिपका उरला. असा ठिपका दोन क्षणांत विझतो.

हा विझला नाही.

त्या इवल्या उजेडात काचेत मला माझा चेहरा दिसला. आणि माझ्या खांद्यामागे... आणखी एक.

पार्लरमध्ये आपली पाळी यायची वाट बघणारे उभे राहतात तसा वाकून उभा. अंगावर शाल. तो पडद्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. डोळे मोठे नाहीत, लाल नाहीत, काही नाही. साधी नजर. पण ती माझ्या ओळखीची होती. साडूंच्या हॉलमध्ये कोपऱ्यात उभा राहून मी त्याच नजरेने बघतो.

मानेला गार श्वास लागला.

मी वळलो. टॉर्च मारला. कोणी नाही. शाल खाटेवर होती, पण तिची घडी मोडली होती.

चौकटीवर नाणं होतं.

बाहेर आलो तेव्हा काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग त्यांनी सांगितलं. यजमान शेवटी अंथरुणाला खिळले होते. धाकटा दीर त्यांना भेटायला म्हणून रोज यायचा आणि मशीनवर बसायचा. हे खाटेवरून बघत राहायचे.

"मला म्हणायचे, माझं नाणं ठेव गं. मी ठेवायची. दीर म्हणायचा, हो दादा, एवढा डाव झाला की उठतो."

"मग?"

"कुठला उठतोय. हे गेले तेव्हाही तो खेळतच होता."

त्यांनी पेला परत घेतला. मग म्हणाल्या, "तुम्हाला द्यावासा वाटत नाही मला. मघाशी मॉनिटरकडे बघत होतात ना, अगदी ह्यांच्यासारखं."

मलाही तो नकोच होता. मी पिशवी उचलली. आणि बेल वाजली.

दारात साडू, संध्याकाळपर्यंत न थांबता आलेले. हसतमुख, इस्त्रीचा शर्ट.

"अरे वा, साडूबुवा आधीच हजर. काय, पसंत नाही पडला? असू दे, मी घेतो. माझ्याकडे एक जागा आहे रिकामी."

त्यांच्याकडे जागा होती. माझ्याकडे भोक होतं.

"मी घेतलाय," मी म्हणालो. आवाज माझाच होता. काकूंनी मान खाली घातली.

मॉनिटर सांगाड्यात चपखल बसला. गेमचं सर्किट माझ्याकडे पडून होतंच, तेही जोडलं. छत्र्या दाराआड गेल्या. काकूंकडचं नाणं मी तिथेच सोडून आलो होतो. पहिल्याच संध्याकाळी खेळायला बसलो, डाव रंगात आला, आणि...

टक्.

तेव्हापासून मी पाठीला भिंत लागेल असं स्टूल ठेवतो. भिंतीचा उपयोग होत नाही.

गेल्या आठवड्यात साडू सहकुटुंब जेवायला आले. मला दाखवायचंच होतं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मी तो भाव बघितला, जो आजवर माझ्या तोंडावर असायचा. ते न विचारता स्टुलावर बसले. कडेचं नाणं बघून हसले.

"नंबर लावलाय वाटतं? एवढा डाव झाला की उठतो."

हे शब्द मी त्यांना कधीच सांगितले नव्हते.

मी त्यांच्या मागे उभा होतो. हाताच्या अंतरावर. थोड्या वेळाने ते मान चोळत म्हणाले, "मानेवर श्वास नका सोडू हो." मी श्वास रोखून धरला होता.

डाव संपला. पडदा काळा झाला. काचेत साडूंचा चेहरा दिसला, आणि त्यांच्या मागे वाकून बघणारा एक माणूस. एकच. मी काचेत स्वतःला शोधत होतो.

त्या माणसाच्या अंगावर शाल होती.

साडूंनाही दिसलं असणार. ते पांढरेफटक पडून उठले आणि हातही न धुता ताटावर बसले. वाटलं, आता या मशीनचं नाव काढणार नाहीत.

पण ते रोज फोन करतात. मॉनिटर विकायचाय का, विचारतात. आवाज बारीक झालाय त्यांचा.

बायको म्हणते, देऊन टाका एकदाचा, घरात झोप लागत नाही. तिचं खरं आहे. मलाही लागत नाही.

पण दिला तर तो त्यांच्या हॉलमध्ये जाईल. ते त्याच्यासमोर बसतील.

आणि ते मला बघवणार नाही.