न हललेला टाळकरी

ही गोष्ट घडलेली आहे. भरल्या मंडपात, देवासमोर घडलेली आहे. त्यात पदरचं काही घालायची माझी छाती नाही.

डिसेंबर १९९८. सोनईच्या पुढं तीन-चार मैलांवर एक वस्ती. नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं नांदतात. सप्ताहाचा सहावा दिवस. संध्याकाळचं सात ते नऊचं कीर्तन.

गोरक्षनाथ माझा मावसभाऊ. काष्टीला त्याचा फोटो स्टुडिओ, आणि त्या वस्तीवर त्याची सासुरवाडी. त्याचा मेहुणा सचिन पुण्यात इंजिनियर. त्यानं परदेशातून एक कॅमेरा आणला होता. तळहाताएवढा. रोल नाही, धुणं नाही. बटण दाबलं की मागच्या काडेपेटीएवढ्या काचेवर फोटो हजर.

"दाजी, आठ दिवस वापरून बघा," सचिन म्हणाला होता. "रोजच्या कामाला कसा आहे, कमी उजेडात कसा आहे, ते सांगा. तुम्ही चांगला म्हणालात, तर तुमचाच."

गोरक्षनाथनं पाच दिवस वापरला. उन्हात झकास. म्हशी, कांद्याची रोपं, सासूबाईंचा बिनदाताचा हसरा चेहरा, सगळं गोड आलं. रंग जरा भडक. सेल मात्र राक्षसासारखे खायचा.

"उन्हात काय, कुनीबी चांगलंच दिसतं," तो सासऱ्यांना म्हणाला. "खरी परीक्षा दिव्याखाली."

त्या संध्याकाळी वीज नव्हती. मंडपात दोन गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या. कीर्तनाला राधाकृष्ण महाराज उभे होते. मी त्यांची कीर्तनं पुष्कळ ऐकली आहेत. असा गळा, की ऐकणाऱ्याच्या मनातला राग आपोआप गळून पडावा.

महाराजांनी आधीच सांगितलं, "फोटो काढा बाबा, पन बिजली मारू नका. देवाच्या नामात डोळं दिपवायचं न्हाई."

मग बिनफ्लॅशचाच काढायचा. पण बिनफ्लॅशचा म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा सेकंद-दीड सेकंद उघडा राहणार. तेवढ्यात हात हलला, माणूस हलला, की फोटोत त्याचा नुसता धूर होतो. कॅमेरा पक्क्या जागी ठेवायला हवा.

टाळकऱ्यांच्या दोन रांगा होत्या. समोरच्या रांगेत सात, अलीकडच्या रांगेत सहा. सहांच्या रांगेत सातवी जागा रिकामी. तिथं चौरंग, त्यावर घडी घातलेलं उपरणं, आणि उपरण्यावर पितळी टाळांचा एक जोड.

त्या वस्तीची रीत अशी, की टाळकरी वारला तर वर्षभर त्याची जागा भरायची नाही. टाळांना हात लावायचा नाही. पुढच्या सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी घरच्या माणसानंच ते उचलायचे.

काष्टीच्या जावयाला हे कुठं माहीत?

त्यानं चौरंगाची उंची बघितली, खूश झाला. टाळ उचलले आणि पलीकडं मृदंग वाजवणाऱ्या कल्याणच्या गुडघ्याजवळ ठेवले. कल्याणनं ते बघितलं... आणि त्याची थाप चुकली.

चौरंगावर कॅमेरा ठेवून गोरक्षनाथनं पहिला फोटो काढला.

काचेवर सगळा धूर. डोलणारे टाळकरी, महाराजांचे हात, सगळं वाहून गेलेलं. पण समोरच्या रांगेच्या टोकाला एक माणूस... स्वच्छ. मिशा, गळ्यातली माळ, कपाळाचा बुक्का, सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा.

गोरक्षनाथ हरखला. एक चेहरा असा आला म्हणजे कॅमेरा अंधारातही चालतो. चूक हलणाऱ्यांची.

दुसरा फोटो काढला.

पुन्हा धूर. पुन्हा तोच माणूस. आता रांग सोडून दोन पावलं आत आलेला.

गोरक्षनाथनं मान वर केली. समोर सात टाळकरी. रांगेच्या आत कुणीच नव्हतं.

चौरंगाला लागूनच बायकांच्या पुढच्या ओळीत एक बाई बसली होती. गोजरबाई. त्यानं हलकेच कॅमेरा पुढं केला.

"मावशी, ह्ये कोन वो? लई नीट उभं राहत्यात. स्टुडिओत बी असं गिऱ्हाईक मिळत न्हाई."

गोजरबाईनं काच डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिली.

"आमचे मालक."

"मग सांगा की त्यांना, असंच उभं ऱ्हावा म्हनून."

"कसं सांगू? आसाराम त्यांचं नाव. अकरा महिनं झालं जाऊन. तू उचललेला टाळ त्यांचाच हाय."

गोरक्षनाथनं कॅमेरा मागं घेतला.

आसाराम विहिरीत घसरून गेला, असं गाव सांगायचं. गावाला ते कल्याणनं सांगितलं होतं. दोघांचे बांध एकमेकांना लागून. घसरताना कल्याणनं पाहिलं, त्यानंच उडी मारून बाहेर काढलं. दहाव्याला सगळ्यांत जास्त रडला तो कल्याणच.

"मला त्यांचं तोंड बी बघू दिलं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पार गुंडाळून आनलं. आजून एक काढ, बाबा. नीट बघू दे मला."

त्या आवाजाला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. त्यानं तिसरा फोटो काढला.

आता आसाराम पाठमोरा होता. कानामागची कवटी आत गेलेली. पहार बसावी तशी.

आणि तो कल्याणसमोर उभा होता.

"व्हय रं," गोजरबाई एकदम शांतपणे म्हणाली, "घसरलेल्या मानसाला मागनं कोन मारतं?"

गोरक्षनाथला ओरडायचं होतं. कल्याण, ऊठ, पळ! पण त्याआधीच त्याची नजर कल्याणच्या गुडघ्याकडं गेली.

टाळ तिथं नव्हते.

महाराजांनी गजर धरला. तेरा टाळ एका ठेक्यात वाजत होते.

आणि त्यांच्याखाली... चौदावा.

एक गॅसबत्ती विझली. कल्याणचे हात मृदंगावर थांबले. तो आपल्यासमोर, जिथं कुणीच नव्हतं, तिथं बघत होता.

"आसाराम... रागाच्या भरात झालं रं... बांधासाठी झालं..."

पहिला घाव कपाळावर बसला. मारणारा दिसला नाही. फक्त पितळेचा खण्ण आवाज आला, आणि कल्याणचं कपाळ फाटलं.

दुसरा तोंडावर. दात मृदंगाच्या कातडी पानावर सांडले, तडतड वाजले.

तिसरा. चौथा. बरोबर गजराच्या ठेक्यावर. टाळकरी कधीच पळाले होते, तरी ठेका चुकत नव्हता. बाया किंचाळत पोरं उचलत होत्या. मंडपाचा खांब मोडला. राधाकृष्ण महाराज मात्र पळाले नाहीत. "पुरे! देवासाठी पुरे!" म्हणत ते कल्याणच्या अंगावर पालथे पडले. त्यांच्या दंडाचं हाड कडाड मोडलं. मग कानामागं एकच घाव बसला. शेवटचा.

कल्याण निपचित झाला. रक्त मृदंगावर ठिबकत होतं, आणि प्रत्येक थेंबाला मृदंग बारीक बोलत होता.

पोलिसांनी चेंगराचेंगरी लिहिली. डॉक्टर म्हणाले, सगळ्या जखमा एकाच गोल वस्तूच्या.

टाळ चौरंगावर सापडले. उपरण्यावर, जसेच्या तसे. फक्त दोरी ओली होती. काल्याच्या दिवशी गोजरबाईनं ते उचलले, विहिरीच्या पाण्यानं धुतले, आणि देवळात अर्पण केले. महाराजांचा हात वाकडा बसला. तो तिच्या नवऱ्याच्या टाळानं मोडला होता, तरी तिच्याबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही.

कॅमेरा पायदळी सापडला. सेल संपलेले. गोरक्षनाथनं घरी येऊन नवे घातले.

त्यानं तीन फोटो काढले होते. आत चार निघाले.

चौथ्यात पळणाऱ्या माणसांचा नुसता धूर. त्या धुरात दोन माणसं स्वच्छ, शेजारी शेजारी उभी. एक आसाराम.

दुसरा कल्याण... आणि तो सरळ कॅमेऱ्याकडं बघत होता. जणू टाळ त्याच्या गुडघ्याजवळ कुणी आणून ठेवले, हे त्याला माहीत होतं.

सचिननं विचारलं, "काय दाजी, अंधारात कसा आहे?"

"नको मला," एवढंच गोरक्षनाथ म्हणाला आणि कॅमेरा परत केला.

स्टुडिओ अजून चालू आहे. सगळे फोटोवाले गिऱ्हाइकाला सांगतात, हलू नका. गोरक्षनाथ उलटं सांगतो. कुणी फारच नीट, न हलता बसलं, की तो बटण दाबत नाही.

"जरा हला," तो म्हणतो. "श्वास घ्या... दिसू द्या मला."