जंतूंची घराणी

शर्वाणीच्या आईला साधा तापही नव्हता. तरी तिच्या तपासणीत विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे जंतू सापडले. दुपारपर्यंत ही बातमी वाघवणे गावभर पसरली.

आई निवासी शाळेत स्वयंपाक करायची. गेले काही दिवस शाळेतली मुलं एकामागून एक तापाने फणफणत होती. शर्वाणीचा त्याच शाळेत शिकणारा धाकटा भाऊ निनादही दवाखान्यात होता. दवाखान्याच्या दारात एक बाई म्हणाली, "तिच्याच हातचं खाऊन हे झालं." शर्वाणी दिसताच ती गप्प झाली. शर्वाणीला ते गप्प होणंच जास्त लागलं.

घरी आई भिंतीला टेकून बसली होती. "निनादला मीच आजारी पाडलं का गं?"

 शर्वाणी उठली आणि शाळेच्या मैदानावर उभ्या असलेल्या फिरत्या प्रयोगशाळेत गेली. तिथे जंतुशास्त्रज्ञ डॉ. हेमांगी केणी जनुकवाचक यंत्रासमोर बसल्या होत्या.

"मावशी, जंतू आईकडून आले का?"

"अजून माहीत नाही," केणीमावशी म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही.

"पण आई तर आजारी नाही."

"तिला पूर्वी कधीतरी टायफॉइड झाला असेल. ताप जातो, पण काही जणांच्या पित्ताशयात (यकृताखालच्या लहानशा पिशवीत) जंतू दडून राहतात. अशा माणसाला मूक वाहक म्हणतात. त्याला स्वतःला त्रास नसतो, पण त्याच्यापासून इतरांना आजार होऊ शकतो."

"म्हणजे आईमुळेच?" शर्वाणीने विचारलं.

"पण जंतूंचं नाव एक म्हणून घराणंही एकच, असं नसतं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या घरी आरती म्हणताना कुणी शब्द चुकवतं?"

"आम्ही सगळेच एक शब्द चुकवतो. आजोबा तसंच म्हणायचे."

"आणि शेजारचे?"

"त्यांचा तो बरोबर असतो. दुसराच चुकतो."

"म्हणजे चुकीवरून घर ओळखता येतं. जंतूंचंही तसंच. प्रत्येक जंतूत जनुकसंच (तो कसा घडावा, हे रासायनिक अक्षरांत लिहिलेली पूर्ण माहिती) असतो. टायफॉइडच्या जंतूत अशी सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरं असतात. एका जंतूचे दोन होताना ती सगळी उतरवली जातात. क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत जात राहते. ज्यांच्या चुका सारख्या, त्यांचं नातं जवळचं."

शर्वाणीने घाबरत विचारलं, "आणि आईच्या नि निनादच्या जंतूंत चुका सारख्याच निघाल्या तर?"

"तर आजार आईकडून गेला असण्याची शक्यता मोठी."

तिला पळून जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली.

पडद्यावर आधी मुलांचे जंतू आले. सगळे जवळपास सारखे, कुठे एखाद्या अक्षराचा फरक. मग आईचे आले. मावशी पडद्याकडे झुकल्या. त्यांनी यंत्राला पुन्हा एकदा मोजणी करायला लावली.

"शंभराहून जास्त अक्षरं निराळी आहेत," त्या म्हणाल्या. "टायफॉइडच्या जंतूत वर्षाला जेमतेम एखादं अक्षर बदलतं. म्हणजे ही घराणी कित्येक दशकांपूर्वीच वेगळी झालीत. मुलांचा आजार आईकडून आलेला नाही."

शर्वाणीचे डोळे भरून आले. पण लगेच तिच्या मनात दुसरा प्रश्न आला. "मग कुठून आला?"

तेवढ्यात यंत्रावर दिवा लुकलुकला. मावशींनी सकाळी शाळेच्या पाइपांत सोडलेल्या चिमुकल्या सरपटत्या रोबोने पाण्याचे नमुने तपासून निकाल पाठवला होता. एका फुटलेल्या सांध्यातून शौचालयाच्या मैल्याच्या टाकीतलं पाणी पिण्याच्या पाण्यात झिरपत होतं. त्या पाण्यातले जंतू मुलांच्याच घराण्यातले निघाले.

"मावशी, मुलं आता मैदानावरून येऊन पाणी पितील," शर्वाणी म्हणाली आणि धावत सुटली.

नळाशी बाटल्यांची रांग लागली होती. पहिल्या मुलीने बाटली तोंडाला लावलीच होती. शर्वाणीने ती हिसकावून ओतून दिली. मुलगी रडू लागली. मागून मावशी धापा टाकत आल्या आणि त्यांनी मुख्य नळ बंद केला.

संध्याकाळी मावशींनी घरी येऊन आईला सगळं समजावून सांगितलं.

"मग मला औषध नको?" आईने विचारलं.

"हवंच. आणि जंतू पूर्ण जाईपर्यंत स्वयंपाक नको. हा आजार तुमच्यामुळे झाला नाही, पण पुढे कुणाला तरी होऊ शकतो."

आईने मान हलवली. मग ती म्हणाली, "चला, निनादला बघून येऊ."

निनादचा ताप उतरायला आणखी काही दिवस लागले. तोवर शर्वाणी रोज प्रयोगशाळेत जाऊ लागली. एकदा तिने विचारलं, "मावशी, असं यंत्र पिण्याच्या पाण्याच्या टाकीतच बसवलं तर? कुणी आजारी पडायच्या आधीच कळेल."

केणीमावशींनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "बस. त्यासाठी काय काय लागेल, विचार करू."