नांदेडच्या गाडीतलं टोपडं

लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा लुंबिनी पोट धरून, वाकून वाकून पायऱ्या चढली. खिडकीजवळचा एक जण चटकन उठला.

"बसा. सीझर हाय ना? माझ्या बहिणीचंबी आत्ताच झालंय नांदेडात."

नाही म्हणायचं तर सगळं सांगत बसावं लागलं असतं. ती म्हणाली, "हो."

झालं. चाकूर येईस्तोवर त्यानं आपलं नाव संघपाल, काम डाळमिलमध्ये फिटरचं, हे सांगून टाकलं आणि बहिणीच्या डिंकाच्या लाडवांतले दोन तिच्या हातावर ठेवले. "पोरगा का पोरगी?"

"पोरगी," म्हणून ती बाहेर बघत बसली. शिकवणीत रसायनशास्त्र शिकवणारी बाई, आणि खुशाल थाप मारली... पण गाडीतून उतरल्यावरही त्याचं हसू आठवत राहिलं, आणि त्याचाच तिला राग आला.

महिन्यानं, बोलण्यात सांगून गेली होती त्याच तारखेला, ती तपासणीला निघाली, तर तो त्याच गाडीत तिच्यासाठी शेजारची जागा धरून बसलेला. पडेल चेहऱ्यानं त्यानं गुलाबी टोपडं काढलं. "पोरीसाठी. आईनं शिवलंय."

लुंबिनीनं टोपडं हातात घेतलं. खरं सांगितलं तर हा पुन्हा दिसायचा नाही. आणि तो दिसावा, असं तिला फार वाटत होतं.

"लेकरू नाही मला," ती एका दमात म्हणाली. "लग्नच नाही झालेलं. कॅन्सर होता, डावा स्तन काढला. मग माझ्याच पोटाचं मांस घेऊन तिथं नवा केला... म्हणून वाकून चालत होते. एक टप्पा बाकी आहे, आकार नीट करायचा. अगदी पहिल्यासारखं नाही होणार."

संघपालनं भलामोठा सुस्कारा सोडला.

"म्हंजी... तुमचं लग्न झालेलं न्हाई?"

"एवढंच ऐकलंत?"

"सगळं ऐकलं. कॅन्सर गेला ना?"

"गेला. रिपोर्ट चांगले आहेत."

"मग झालं तर. महिनाभर सोताला शिव्या देत राहिलो, दुसऱ्याची बायको आठवते म्हणून. आज टोपडं देऊन शेवटचं बघायचं ठरवलं व्हतं."

लुंबिनीला हसू फुटलं. पोट ताणलं, तरी थांबेना. कित्येक महिन्यांनी इतकं मोकळं वाटत होतं.

"दुसरं ऑपरेशन कधी हाय? मी येतो सोबत."

"तीन महिन्यांनी. पण तिथं फॉर्मवर पेशंटशी नातं लिहावं लागतं. काय लिहाल?"

"तीन महिने हाईत की..." त्याचे कान लाल झाले. "रविवारी घरी येऊन तुमच्या बाबांना विचारतो."

"बाबांना नंतर," ती म्हणाली. "आधी मला विचारा."

भर गाडीत, कंडक्टर शेजारी उभा असताना, संघपालनं विचारलं. आणि लुंबिनी हो म्हणाली.