दोर ताठ ठेव

टँकरवाल्यांचा संप लागला आणि गिरगावातल्या त्या वाडीला आपल्या विहिरीची आठवण झाली.

विहीर वाडीच्या मधोमधच होती. तोंडावर काँक्रीटची झाकणं, झाकणांवर स्कूटर आणि तुळशीच्या कुंड्या. पंप होता, पण त्याच्या पाइपाचं खालचं तोंड गाळात रुतलं होतं. कोणीतरी उतरून ते मोकळं करायला हवं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरी सुमेधाबाईंनी लालबागला फोन केला. दुसऱ्या दिवशी वाडीत जेवणं उरकायच्या सुमाराला राजाराम आणि अभय हे दोघे भाऊ दोर, कप्पी, दोन पहारी आणि कंदील घेऊन हजर झाले.

राजारामच्या डोक्यावर काळा केस राहिला नव्हता. अभय त्याच्याहून बराच लहान. आई गेली तेव्हा तो राजारामच्या कडेवर होता. विहिरी साफ करायचं काम त्यांच्या बापाचं, कोंडीरामचं. गिरणी बंद पडल्यावर त्याने ते धरलं आणि मुलांच्या हाती दिलं. त्याचा एकच नियम होता. विहिरीतल्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, दोरावर ठेवायचा. खालच्याने एक हिसका दिला की थांबायचं, दोन दिले की ओढायचं. तोंडाने तो काहीही सांगो, माणूस वर येईपर्यंत दोर ताठ ठेवायचा.

त्या दिवशी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अभयला दुबईला लिफ्टच्या कंपनीत काम मिळत होतं. आदल्या रात्री जेवताना राजाराम म्हणाला होता, इथे काय कमी आहे तुला? अभयने भाकरी ताटात टाकली. "दादा, लहानपणापासून तू मला कमरेला बांधून ठेवलंयस. कधी सोडणार?" राजाराम हात धुऊन निजायला गेला. घरात दोघांशिवाय तिसरं कोणी नव्हतं.

झाकण सरकवलं तसा आतून गार वास आला. कुजलेल्या पानांचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, बंद पेटी उघडल्यासारखा. राजारामने पेटता कंदील सोडला. कंदील पाण्यापर्यंत जळत गेला. हवा ठीक होती.

तळमजल्यावरचे म्हातारे रमाकांतकाका गंजीफ्रॉकवर येऊन उभे राहिले.

"लवकर आटपा रे. आमचे आजोबा हिच्यात वाकून कोणाला हाक मारू द्यायचे नाहीत."

"का हो काका?" अभयने कमरेचा पट्टा आवळत विचारलं.

"म्हणायचे, हिला ऐकू येतं."

"मग सांगा की तिला, पंपाला पाणी सोड म्हणून!"

सुमेधाबाई हसल्या. काका हसले नाहीत. राजारामने पट्ट्याची गाठ आपल्या हाताने पुन्हा तपासली. अभयने मान दुसरीकडे वळवली, पण गाठ तपासू दिली.

अभय उतरला. दगडांच्या खोबणीत पाय ठेवत, सावकाश. दोर कप्पीवरून राजारामच्या कमरेला वळसा घालून हातात आला होता. खाली बॅटरीचा उजेड लहान लहान होत गेला. पाण्याचा आवाज झाला. मग पहारीचे ठोके येऊ लागले, एकसारखे, कामाचे.

ठोके थांबले.

राजाराम वाट पाहत राहिला. वाडीत कुठेतरी कुकरची शिटी झाली. कावळे ओरडायचे थांबले होते, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"दादा..."

आवाज अभयचाच होता. खालून आला तरी कानाजवळ बोलल्यासारखा स्वच्छ. विहिरीत तो असा येत नाही.

"दादा, झालं काम. दोर सोड."

राजारामने दोर सोडला नाही. "हिसका दे," तो म्हणाला.

"हात अडकलेत रे... दोर छातीवर चढलाय. श्वास घेता येत नाही. सोड ना थोडा..."

सुमेधाबाईंनी तोंडावर हात नेला. "राजारामभाऊ, अहो, तो सांगतोय ना! सैल सोडा!"

"दोराने सांगितलेलं नाही."

"अहो, गुदमरतोय तो! असला कसला हट्ट?"

राजारामच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. त्याला तो पुसता येईना. अभयचा श्वास ऐकू येत होता, ओढून घेतलेला, घरघरणारा. लहानपणी गोवर आला तेव्हा तो असाच श्वास घ्यायचा, आणि राजाराम रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन चाळीच्या गॅलरीत फेऱ्या घालायचा. त्याची बोटं सैल होऊ लागली. दोर वीतभर सरकला.

मग खालचा आवाज अगदी शांत झाला.

"लहानपणापासून कमरेला बांधून ठेवलंयस, दादा. कधी सोडणार?"

राजारामचा हात तिथेच थांबला. तीच वाक्यं. तोच सूर. अभयच्या मनातलंच होतं ते. खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. क्षणभर त्याला वाटलं, द्यावा सोडून. पोराला हवंय ते द्यावं.

तेवढ्यात दोराला हिसका बसला. क्षीण. मग दुसरा.

"सोड, दादा," आवाज म्हणाला.

राजारामने पाय विहिरीच्या काठच्या दगडाला लावले आणि ओढलं.

दोर हलला नाही. खालून कोणी तरी तेवढ्याच जोराने धरून ठेवल्यासारखा. तळहाताची साल निघाली. त्याने पुन्हा ओढलं. कप्पी करकरली.

"मला नाही यायचं! ऐक ना! मला नाही यायचं वर!"

"जायचं तर जा!" राजाराम ओरडला. "दुबईला जा, कुठेही जा. पण घरच्या दारातनं जा. इथनं नाही जाऊ द्यायचा मी!"

सुमेधाबाईंनी एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पदर खोचला आणि दोराला हात घातला. त्यांच्या मागे रमाकांतकाकांनी धरला. तिघांनी मिळून ओढला तसा खाली काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, चिखलातून पाय निघावा तसा, आणि दोर वर येऊ लागला.

आवाज बंद झाला.

आधी अभयचे हात दिसले. दोन्ही हातांनी दोर धरलेला. छातीपर्यंत काळा गाळ. पट्टा कमरेलाच होता, छातीवर चढलेला नव्हता. आणि तोंडात बॅटरी. हात मोकळे राहावेत म्हणून त्याने ती दातांत धरली होती, आणि दात इतके घट्ट मिटले होते की राजारामला दोन्ही हातांनी त्याचा जबडा उघडावा लागला.

अभय काठावर ओणवा होऊन खूप खोकला. सुमेधाबाईंनी पाणी दिलं.

"काय बोलत होतास रे खालून?" राजारामने विचारलं.

अभयने बॅटरीकडे बोट दाखवलं. त्याला बोलायला वेळ लागला.

"मी? मी कसा बोलणार... पाय आत गेला. खेचतच होतं. आणि तूच बोलत होतास, दादा."

"काय?"

"हात भरून आले रे, अभय. आता सोडतो. तूही सोड. असं सारखं. रागाने नाही... मायेने. लहानपणी मला निजवताना बोलायचास तसं."

"मग? तू काय केलंस?"

"दोराला हात लावून बघितलं," अभय म्हणाला. "ताठ होता. म्हटलं, दादा असं बोलेल एक वेळ. पण करणार नाही."

खाली बसून राजारामने भावाच्या कमरेची गाठ सोडायला घेतली. दोर भिजून फुगला होता, गाठ निघत नव्हती. त्याने ती दातांनी सैल केली.

"तिकीट कधीचं?"

"काढलं नाही अजून."

"काढ."

अभयने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "तू स्टेशनपर्यंत तरी सोडायला येशील ना?"

"विमान स्टेशनवरनं सुटतं काय रे? येडा." राजाराम दोर गुंडाळत म्हणाला. "विमानतळापर्यंत येईन."

पाइपाचं तोंड तसंच राहिलं. सुमेधाबाईंनी विषयही काढला नाही. चौघांनी मिळून पहारीने झाकण परत सरकवलं. शेवटची फट बुजायला आली तेव्हा राजारामने हात वर केला. सगळे थांबले.

खाली दोन माणसं बोलत होती. हळू, निवांत, जेवून ओट्यावर बसलेले दोघे भाऊ बोलतात तशी. एकाने काही सांगितलं, दुसरा हसला. ते हसू अभयचं होतं. अभय राजारामच्या शेजारी उभा होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते.

"दादा, ते गेले का रे?" खालचा अभय म्हणाला.

"जाऊ दे," खालचा राजाराम म्हणाला. "मी आहे ना तुझ्याजवळ."

रमाकांतकाकांनी डोळे मिटले. राजारामने पहार लावली आणि झाकण पुरतं बसवलं.

वाडीबाहेर ऊन रणरणत होतं. त्यांनी टॅक्सी केली. राजारामने भावाच्या मानेवर हात ठेवला. मान दगडासारखी गार होती. लालबाग येईपर्यंत ती गरम झाली नाही. राजारामने हात काढला नाही.