धानातलं उत्तर

परसराम पटलेंच्या घरात बंदूक होती, पण तिचा रुबाब काही नव्हता. दरेकशाजवळच्या त्यांच्या गावात पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली ती एकनळी खाटेखाली पडून असे. काडतुसं त्यांची बायको धुरपताबाई तांदळाच्या कोठीत ठेवत. ह्यूस्टनला सात वर्षं काढून आलेल्या त्यांच्या मुलाला, हिमांशुला, हसावं की रडावं कळेना.

"चोर आला तर कोठीत हात घालून काडतूस शोधणार का, बाबूजी? तिकडे माझा शेजारी उशाशी भरलेली ठेवतो."

"मंग तो झोपते कसा?" परसरामांनी विचारलं.

जंगलाच्या काठावर ही दोघं एकटी राहतात, या काळजीनं हिमांशुचा खरोखर जीव खाल्ला होता. बाबूजींना मात्र त्याचं काहीच नव्हतं.

त्या दिवशी दिवस कलताना रानडुकरं धानात शिरली. परसरामांनी बांधावर उभं राहून काडतूस भरलं, नळी जमिनीकडे धरली आणि तीनदा हाक दिली, "कोन आहे रे?" सरपणाला जाणारी माणसं धानातून वाट काढतात, म्हणून गावाची ही जुनी रीत. तिसऱ्या हाकेला आतून एका बाईनं ओ दिली. परसरामांनी काडतूस काढलं आणि घरचा रस्ता धरला. हिमांशु मात्र आत शिरून पाहून आला. चिखलात डुकरांचे खूर होते. माणसाचं पाऊल एकही नव्हतं.

"कोणी नव्हतं तिथे," तो म्हणाला.

"ओ आली ना? मंग झालं. कोनाची, ते पाहाचं नसते."

तिसऱ्या दिवशी परसरामांचा गुडघा आखडला. त्यांना न विचारता हिमांशु कोठीतलं काडतूस भरून बंदूक घेऊन एकटाच गेला. ऊन अजून होतं. बांधावरून घराची ओटी स्वच्छ दिसत होती. बनियनवर बसलेले बाबूजी गुडघ्याला तेल चोळत होते.

धान हललं.

"कोण आहे?" त्यानं विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मी आहो रे," धानातून बाबूजींचा आवाज आला.

हिमांशुनं ओटीकडे पाहिलं. बाबूजी तिथेच होते, तेल चोळत. म्हणजे कुणीतरी त्यांची नक्कल करत होतं. त्यानं नळी धानाकडे रोखली. तो घाबरला होता, आणि घाबरल्याचा त्याला भयंकर राग आला होता.

"बाहेर ये, नाहीतर गोळी घालीन."

"हिमांशु, मी आहो."

त्यानं चाप ओढला.

धान हलायचं थांबलं. त्यानं आत शिरून पाहिलं, कुणी नव्हतं. रक्ताचा थेंबही नव्हता.

तो पळत घरी आला. बाबूजी ओटीवर धडधाकट बसलेले. त्यानं त्यांचा पाय धरला. पाय उबदार होता, आणि हिमांशुच्या जिवात जीव आला.

"बाबूजी, ठीक आहात ना?"

त्यांनी मान वर केली. ओठ हलले. ओटीवर काहीच ऐकू आलं नाही.

धुरपताबाई कप घेऊन दारात आल्या. ओटीकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळ्यांवर हात धरून त्या वावराकडे बघू लागल्या.

"आत्ता आवाज देल्ला ना तुमी? चाय थंडी होऊन राहिली. या ना घरी."

बाबूजींचे ओठ पुन्हा हलले.

"तू पी," वावरातून आवाज आला. "मले उठनं होऊन नाई राहिलं."