काही वाटतंय का?

सांधेबदल विभागात ‘आई गं’ ऐकू येईनासं झालं, तेव्हाच डॉ. शर्मिष्ठा आगटेने मनातल्या मनात प्रयोग यशस्वी ठरवून टाकला होता. नवा गुडघा बसवलेला माणूस पहिल्यांदा पाय वाकवतो, तेव्हा एरवी अख्खा मजला डोक्यावर घेतो. इथे कपाळाभोवती शमनपट्टा बांधलेली मंडळी मुकाट पाय वाकवत होती आणि गार चहाचीसुद्धा तक्रार करत नव्हती. चिरफाड नाही, गोळी नाही. कवटीच्या बाहेरून मेंदूला दिलेली एक मंद विद्युतलहर, बस्स.

तिच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, गुडघा बदलायला होकार दिला, पण पट्ट्याला साफ नकार. “आधी तू घाल. तुझं डोकं ठिकाणावर राहिलं तर बघू.” शेवटी मायलेकींनी एकाच दिवशी पट्टे बांधले.

आज सकाळी कुमुदिनीबाई गेल्या.

“नव्या सांध्यात पू झाला होता,” शल्यविशारद डॉ. मुजावर प्रयोगशाळेत येऊन म्हणाले. “ताप चढला तोवर विष रक्तात भिनलं होतं. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाल्या, ‘दुखतंय की. वाढतच चाललंय.’ मग सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, ‘शमी रोज विचारायची, काही वाटतंय का. काही वाटत नव्हतं.’”

शर्मिष्ठाने मान हलवली. “म्हणजे लहर वेदना थांबवत नाही. गुडघ्याचा निरोप मेंदूत पोचतो, कळतो. त्याचं वाईट वाटणं तेवढं थांबतं. दुखण्याचं केंद्र वेगळं, वाटण्याचं वेगळं. आपण भलतंच केंद्र दाबलं.”

“फक्त दुखण्याचंच वाईट वाटत नाही?”

“कशाचंच वाटणार नाही. गुडघ्यावरची सूज मी पाहिली होती. काळजी वाटली नाही.” तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसाच होता. “सगळ्यांचे पट्टे उतरवा. सांधे तपासून घ्या.”

“मघाशीच उतरवले.” मुजावर तिच्या समोर येऊन उभे राहिले. “तुमची आई गेलीय, मॅडम. तुम्हाला काही वाटतं की नाही?”

हा प्रश्न आपल्याकडे कुणी उत्तरासाठी विचारत नाही. शर्मिष्ठाने मात्र प्रामाणिकपणे मनात डोकावून पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिचा हात स्वतःच्या कपाळावरच्या पट्ट्याकडे गेला.

तो काढला की काय येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लहर चालू होती, त्यामुळे त्याची भीतीही वाटत नव्हती. चष्मा काढावा तितक्या सहज तिने पट्टा उतरवून टेबलावर ठेवला.

मुजावरांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“लगेच काही होणार नाही,” तिने समजावून सांगितलं. “लहरीचा अंमल ओसरायला थोडा वेळ लागतो. आधी शारीरिक संवेदना बदलतात, मग हळूहळू…”

वाक्य तिथेच राहिलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

“आई गं,” ती म्हणाली.