तापसाची नोंद

वसंत लागला की दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही आठ-दहा जण तळ्यावर जमतो. पंपगृहाच्या भिंतीला सायकली टेकवायच्या, थर्मासमधला चहा वाटून घ्यायचा आणि फळ्यांच्या वाटेने रांगेने निघायचं. ही वाट पाण्यावरून जाते आणि तळ्याच्या मध्यावर एका लाकडी ओट्यापाशी संपते. तिथे तासभर बसून पक्षी पाहायचे, ऐकायचे, त्यांची यादी करायची. यादी लिहितात मास्तर. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, अजूनही पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत.

ओट्यावर बोलायचं नाही अशी रीत आहे. ज्याला पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल त्याने बोट वर करून दिशा दाखवायची आणि मास्तरांच्या मांडीवरच्या तक्त्यातल्या चित्रावर टेकवायचं. दुसऱ्या कुणाला तोच पक्षी कळला, तर त्याने पंजा वर करायचा. बोट आणि पंजा दोन्ही असतील तरच नोंद. एकट्याचा पक्षी यादीत जात नाही.

ही रीत घातली ह्यांनी, माझ्या यजमानांनी. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा तो हात परक्याचा असावा तसा मांडीवर पडून असायचा. भरवलं तर गिळायचे, एरवी भिंतीकडे बघत बसायचे. आमच्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शरीर सुधारेल, पण त्यांना स्वतःला सुधारावंसं वाटलं तर. ते वाटणं कुठून आणायचं, हे त्यांच्या चिठ्ठीवर नव्हतं.

म्हणून यंदा पहिल्याच रविवारी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून तळ्यावर आणलं. माझे धाकटे दीर खुर्ची ढकलत होते आणि वाटभर भावाला चिडवत होते. "दादा, ब्रेक धरून बस. पडलास तर मास्तर तुला पाणकोंबडीत धरतील." हे हसले नाहीत.

ओट्यावर अर्धा तास गेला. मग ह्यांचं डावं बोट वर झालं. समोरच्या काठाचं दाट पाणकणीस त्यांनी दाखवलं आणि तक्त्यावर वटवट्या. मी कान दिला. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. कुणाचाच पंजा वर गेला नाही. ते बोट हळूहळू खाली यायला लागलं, आणि त्याबरोबर त्यांचा चेहराही.

मी पंजा वर केला.

माझे काही नेम आहेत. पहाटे दिवा, प्रार्थना, दुपारपर्यंत नुसतं पाणी. आणि खोटं सांगायचं नाही. हा शेवटचा तीस वर्षं सांभाळला होता, आणि मंडळींना ते ठाऊक होतं. दीर कुजबुजले, "वहिनींचा पंजा म्हणजे शिक्का बसला." मास्तरांनी लिहून टाकलं.

त्या दुपारी ह्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतः जेवले.

मन मला खात होतं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर कबूल करायचं आणि ती नोंद खोडायला लावायची, असं ठरवूनच गेले. पण मास्तरांनी मला आधीच दुर्बिणीशी उभं केलं. पाणकणसात घरटं होतं, आत तीन अंडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं विणायला आठवडा सहज लागतो, म्हणजे ते तेव्हाही तिथेच असणार. मला हायसं वाटलं. ह्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले, एवढंच. कबुली मी गिळली.

त्याच दिवशी ह्यांनी पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या झाडाकडे बोट केलं. सुतारपक्षी. मला ठकठक ऐकू आली नाही. मी पंजा वर केला.

तिसऱ्या रविवारी त्या खोडावर गोल भोक होतं आणि सुतारपक्षी त्यात ये-जा करत होता. दिरांनी खूश होऊन भावाला पुढच्या खेपेला हंस मागवायला सांगितलं. हे पहिल्यांदा हसले, अर्ध्याच ओठांनी. मास्तर मात्र परतताना माझ्या बरोबरीने चालले. काल संध्याकाळीच होडीतून जाऊन आपण ते खोड पाहिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. भोक नव्हतं. आज आहे.

"आणि वहिनी, त्याच्या कडा ताज्या नाहीत. दोन-तीन वर्षं पाऊस खाल्लेल्या आहेत." हे सांगताना ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, हाताकडे पाहत होते.

घरी हे रोज थोडे थोडे परत येत होते. डाव्या हाताने घड्याळांना चावी देत, नाकातल्या नाकात गुणगुणत. चांगलंच होत होतं सगळं, मग भीती कसली, असं मी स्वतःला विचारायची. पण पहाटे हात जोडायला बसले की उजवा पंजा जड लागे. कुणीतरी वरून धरून ठेवल्यासारखा. चौथ्या रविवारच्या पहाटे मी ठरवलं. ह्यांचा चेहरा पडला तरी चालेल, आता खोटा हात वर करायचा नाही.

त्या रविवारी ऊन स्वच्छ होतं. पाणी काचेसारखं.

ह्यांचं बोट वर झालं. समोरचं पाणकणीस. तक्त्यावर त्यांनी तापस दाखवला, बगळ्याच्या कुळातला, मान वर करून तासन्‌तास निश्चल उभा राहणारा. अठरा वसंतांत तो इथे कुणाला दिसला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा उजवा हात वर उठू पाहत होता. मी त्यावर डावा दाबून धरला.

"ऐकलंस?"

पाच महिन्यांनंतरचा त्यांचा पहिला शब्द. दिरांनी तोंडावर हात ठेवला. मला हो म्हणायचं होतं. त्या क्षणी मी काहीही म्हटलं असतं.

"नाही हो," मी म्हणाले. "मला नाही ऐकू आलं. त्या दोन्ही वेळेलाही नव्हतं आलं. तुम्हीच सांगा, कसा बोलतो तो?"

ते रागावले नाहीत. मग त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि रिकाम्या बाटलीत फुंकर मारावी तसा एक खोल आवाज काढला. एकदा. पुन्हा एकदा. त्यांचे डोळे पूर्वीचे होते.

शेजारी पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

मी मास्तरांना म्हटलं, खोडा ते, माझा पंजा वर नव्हता.

"तुमचा नाही, वहिनी." त्यांनी मान वर न करता दुर्बीण माझ्याकडे सरकवली.

समोर, पाणकणसाच्या अलीकडे, जिथे होडीचा बांबू तळाला टेकत नाही, तिथे पाण्यातून एक पंजा वर आलेला होता. उघडा. पाची बोटं निथळत होती.

मी पाहत असतानाच तो एकेक बोट मिटत खाली गेला. पाण्यावर वलय उठलं नाही. त्याच जागेवरून तापस बोलला, आणि या वेळी तो सगळ्यांनी ऐकला.

मी दुर्बीण खाली केली. ह्यांच्या मांडीवर उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती. मी तो हात माझ्या हातात घेतला.

तो मनगटापर्यंत ओला होता.